मास्क कागदाचा नसतो, झाडाच्या आळ्यात पुरू नका

परवा नागपुरात मावशीकडे प्रतापनगरला लिंबाचं आळं खणत होतो तर फावड्याला निळी चिंधी अडकली, ओढून पाहतो तर मास्क. एक नाही, सात निघाले! विचारलं तर म्हणे, "अरे बाप्पा, ग्रुपवर आलं होतं न, मास्क कागदाचा असते, पुरला का खत होते. लॉकडाऊनमधीच पुरले मी." तोच मेसेज आता पुन्हा फिरून राहिला: मास्क कागदाचा, सहा महिन्यांत खत, नाहीतर शेकोटीत जाळा, जंतू मरतात, आणि एवढ्याशा मास्कनं काय होते.

कागदाचा? अहो, रद्दीचा तुकडा आणि मास्क रात्रभर बादलीत भिजवून पाहा, सकाळी कागदाचा लगदा होईल आणि मास्क जसाच्या तसा. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याचंच प्लास्टिक, वितळवून बारीक धागे ओढलेलं. मावशीच्या आळ्यातून इतक्या वर्षांनी निघालेल्या मास्कचा फक्त रंग उडाला होता आणि नाकावरची तार गंजली होती. एकाचं इलास्टिक तर मुळाला असं गुंडाळलं होतं की कात्रीनं कापावं लागलं. उन्हात पडलेला मास्क विरतो हे मान्य, पण ते कुजणं नाही, त्याचे बारीक प्लास्टिकचे धागे होतात आणि मातीत, नाल्यात जातात. आपला नाला नागनदीत, नागनदी कन्हानमध्ये, पुढे वैनगंगा आणि गोसेखुर्द धरण.

जाळायचं तर नावच काढू नका. शेकोटीभोवती लेकरं बसतात, प्लास्टिकचा धूर त्यांच्याच नाकात जातो. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, हे हरित लवादानं २०१६ मध्येच सांगितलंय.

एका मास्कनं काय होते म्हणता, तर बाकी प्लास्टिकपुढे मास्कचा कचरा कमीच आहे, ठीक आहे, पण म्हणून आळ्यात पुरायचा का? कापडी सुती मास्क कुजतो, तेवढं खरं, पण मेसेजमध्ये फोटो निळ्या मास्कचा आहे.

मग करायचं काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्येच साफ सांगितलं होतं: घरात कोविडचा पेशंट नसेल तर वापरलेला मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवा, मग कापून सुक्या कचऱ्यात टाका. कापायचा यासाठी की कोणी उचलून पुन्हा वापरू नये.

ते सातही मास्क कापून सुक्या कचऱ्यात दिले. मावशी म्हणते कढीपत्त्याच्या आळ्यातही चार-पाच असतील. रविवारी पुन्हा जातो.