पहारेकऱ्याचं नाव

परवाच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या सेशनसाठी मी चौदा पानं लिहिली होती. या खेळात गोष्ट गेम मास्टर, म्हणजे मी, सांगतो; बाकीचे एकेक पात्र होऊन ती खेळतात आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. राणीचा किल्ला, तळघरातला विषाचा कारखाना, राणीच्या पाच पिढ्या आणि तिच्या तबेल्यातल्या आठ घोड्यांची नावं. तीन रात्री गेल्या. खेळाडू किल्ल्याच्या दारात पोचले आणि आमच्या जादूगाराने पहारेकऱ्याला विचारलं, "काका, तुमचं नाव काय?"

पहारेकऱ्याला नाव नव्हतं. त्याच्याकडे ११ हिट पॉइंट होते, म्हणजे मार खायची ताकद, आणि एक भाला.

नावांची यादी जवळ ठेवावी, असं सगळे जाणते गेम मास्टर सांगतात. ठेवली होती. घोड्यांवर संपली. माझे कागद झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या स्क्रीनआडून मी इकडेतिकडे पाहिलं, कोचावरची उशी दिसली आणि तोंडातून निघालं, "उशी..." पाच जण माझ्याकडे बघत होते. "...नर. उशीनर."

जादूगार ताठ बसला. हा फक्त खेळात जादूगार, एरवी प्रत्येक गोष्टीत गूढार्थ शोधणारा माणूस.

"उशीनर म्हणजे शिबी राजाचा बाप!"

"असेल."

"असेल काय? मुद्दाम ठेवलंयस तू. ससाण्यापासून कबुतर वाचवायला मांडीचं मांस कापून तराजूत टाकलं, तो शिबी. म्हणजे हा पहारेकरी नाहीच. राज्य गेलेला राजा आहे. मला याची मांडी बघायची आहे."

"कशाला?"

"व्रण असेल."

"अरे, मांस मुलाने कापलं. व्रण बापाला कसा असेल?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग मुलगा कुठे आहे?"

विषय मिटावा म्हणून मी फासा टाकायला सांगितला. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडण्याची शक्यता शंभरात पाच. पडले वीस. पहारेकरी भाला टाकून ढसाढसा रडला आणि हरवलेल्या मुलाबद्दल बोलू लागला. काय बोलला ते मलाही त्याच क्षणी कळत होतं. पुढचे अडीच तास पाच शूर वीर किल्ल्याकडे पाठ करून मुलगा शोधत फिरले. एक कबुतर धरून त्याला मंत्राने बोलतं करण्यात आलं. कबुतराने काय सांगितलं ते मी विसरलो, पण जादूगाराने वहीत उतरवून घेतलंय. पुढच्या वेळी जाब विचारणार.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी या खेळाचे पहिले नियम छापले, त्या तीन छोट्या पुस्तिका होत्या. वाटेत कुठला राक्षस भेटतो हे फासा टाकून ठरवायचे तक्ते त्यांतही होते. म्हणजे मास्टरला सगळं आधी ठाऊक नसतं, हे मुळातच मान्य होतं. आता शहाणे सांगतात की कथानक लिहू नका, परिस्थिती लिहा: कोण कुठे आहे, त्याला काय हवंय, कोणी अडवलं नाही तर तो काय करेल. एका पानात मावतं. पटतं मला. दुसऱ्यांना मीही हेच सांगतो. पण रात्री नकाशा काढायला बसलं की हात थांबत नाही. अख्ख्या खेळात तेवढाच वेळ मला कोणी मध्ये तोडत नाही.

आणि हे उपदेश कायम मास्टरलाच का? खेळाडूंनी किती तयारी करावी, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही. आमचा तलवारवाला दोन वर्षं दर हल्ल्याला विचारतोय, "कुठला फासा?" वीसवाला. बाबा रे, दर वेळी वीसवालाच. स्वतःच्या पात्राला कोणते मंत्र येतात हे जादूगाराला माझ्याकडून कळतं. शिबीचं कुळ मात्र तोंडपाठ. आणि येणार नसल्याचा मेसेज अर्धा तास आधी, तोही नुसता अंगठा.

निघताना जादूगार दारात थांबला. "आजचं सेशन आतापर्यंतचं सगळ्यात भारी. एवढी तयारी कधी करतोस रे?"

"होते हळूहळू," मी म्हणालो.

चौदा पानं फायलीत गेली. टेबलावर तलवारवाल्याची कॅरेक्टर शीट, म्हणजे त्याच्या पात्राच्या माहितीचा कागद, पडलेली होती, नेहमीप्रमाणे विसरलेली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कबुतराचं नाव लिहून ठेवलं. तेही विचारतील.