‘फोनवर रडून काय होते?’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांनी मदत कुठे शोधावी, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : ‘फोनवर रडून कुणाचे भले झाले आहे? आधी पोलीस ठाणे गाठायला सांगा. निम्मे क्रमांक लागत नाहीत आणि खेड्यांत तर यातले काहीच नसते.’ एक चूक मान्य करते. फोनवर समुपदेशन करणारी ‘आयकॉल’ ही सेवा चोवीस तास नसते, मी ती ‘टेलिमानस’ या चोवीस तासांच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या (14416) जोडीला बसवली होती, ते दुरुस्त केले आहे. क्रमांक लागत नाहीत ही तक्रार मीही ऐकते, पण तेवढ्यासाठी ते देऊच नयेत हे मला पटत नाही.

‘फोनवर रडणे’ हे शब्द मात्र मला फार लागले. 2006 साली माझी धाकटी बहीण मोडलेले मनगट घेऊन एका रुग्णालयात गेली, तेव्हा पायरीवरून घसरले असेच तिने केसपेपरवर लिहवले, कारण शेजारी नवरा उभा होता. त्या क्षणी तिला कुणी ‘आधी पोलीस ठाणे’ म्हटले असते, तर ती प्लास्टर घालून मुकाट सासरी गेली असती. दोन दिवसांनी तिने एका समुपदेशक बाईंना फोन केला आणि होय, ती बराच वेळ नुसती रडली. बाईंनी ते रडणे अडवले नाही. मग विचारले, आज रात्री घरी थांबणे सुरक्षित आहे का, मुलगी कुणाजवळ आहे, कागदपत्रे कुठे आहेत. त्यांच्याच सांगण्यावरून ती पुन्हा रुग्णालयात गेली आणि दुखापतीचे खरे कारण नोंदवून आली. पुढे पोलिसांत तक्रार झाली तेव्हा हीच नोंद उपयोगी पडली. त्या रात्री ठाण्याच्या बाकावर मी तिच्या शेजारी बसले होते. तुम्ही कधी बसला आहात का?

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केले, तेही याच कारणासाठी : जिला ठाण्याची पायरी चढता येत नाही, तिला दुखण्याचे निमित्त सांगून रुग्णालयात तरी जाता येते. तुमचा ‘आधी पोलीस’ हा क्रम कायद्यालाही मान्य नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीवर प्रत्येक रुग्णालयाने, मग ते खाजगी का असेना, तत्काळ आणि मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचे, असे 2013 पासूनचे कलम सांगते. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात तर गुन्हा न नोंदवताही, या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोलिसांत जायचेच असेल, तर ‘सखी’ या सरकारी मदत केंद्रात समुपदेशन, पोलिसांची मदत आणि वकिलाचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो, तात्पुरता निवाराही मिळतो. तिथे पोहोचायला 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. हे सगळे लेखात होते. तुम्ही तिथपर्यंत वाचले नसावे.

खेड्यांविषयीचे आपले म्हणणे इथे दोन ओळींत उरकण्यासारखे नाही. लेखात समुपदेशनाचे क्रमांक पोलिसांच्या आधी दिले आहेत, ते तसेच राहतील.