सायलेन्सरच्या जॉइंटला सिलिकॉन फासून लीक थांबत नाही

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी तो वाचून शनिवारी गाडी खोलायचं पक्कं पण केलंय, म्हणून हे घाईने लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: बाहेरचा, म्हणजे कंपनीचा नसलेला एक्झॉस्ट (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचे धुराचे पाइप) घरीच बसवता येतो, प्रत्येक जॉइंटला लाल सिलिकॉन भरपूर लावा, जुनं पॅकिंग फाटलेलं नसेल तर तेच वापरा, नट जेवढे जोरात आवळाल तेवढं लीक कमी, सायलेन्सरला खाली बारीक भोक दिसलं तर ते पण बुजवा, आणि एवढं करून थोडं फुसफुसलं तर कार्बन बसून आपोआप बंद होतं. शेवटी एक ओळ, "लीकने फक्त आवाज वाढतो, बाकी नुकसान काही नाही". घरी बसवता येतो हे खरं आहे, मी स्वतः बसवलाय. बाकी बहुतेक सगळं चुकीचं आहे.

आधीच सांगतो, मी आवाज करणाऱ्या सायलेन्सरबद्दल बोलत नाहीये, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तो असायलाच हवा. मी बोलतोय आमच्या कोकणातल्या रोजच्या गरजेबद्दल, खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात सायलेन्सर सडतो, कंपनीचा महाग पडतो म्हणून माणूस त्याच मापाचा बाहेरचा घेतो.

सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतो कारण ती जिवावर बेतू शकते. फक्त आवाज वाढतो? जो गॅस मागच्या टोकातून बाहेर जायला हवा तो मधल्या जॉइंटमधून तुमच्या पायाखाली सुटतोय, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. गाडी पळत असताना वारा बराचसा उडवून नेतो, पण घाटात ट्रॅफिक जाम, बाहेर पाऊस, काचा बंद, इंजिन चालू, आणि जुन्या गाडीच्या फरशीतला एखादा रबरी बूच निघालेला, अशा वेळी तो आत येतो. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, झोप येते, आणि आपण म्हणतो घाट लागला. मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात हो, ती झोपलीयत की गुंगीत आहेत हे कळायचं कसं?

दुसरं नुकसान पेट्रोल गाडीत होतं आणि ते चटकन लक्षात येत नाही. एक्झॉस्टचा गॅस सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मधे पाइपात क्षणभर बाहेरच्यापेक्षा दाब कमी होतो, तेवढ्यात लीकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. हे लीक ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधी असेल तर सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो. मायलेज पडतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) फुकट तापतो, चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१७१ सारखा, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असा कोड येऊ शकतो आणि मग लोक इंजेक्टर साफ करत बसतात. लीक सगळ्या सेन्सरच्या मागे, पार शेवटच्या डब्यापाशी असेल तर हा त्रास होत नाही हे कबूल, पण गॅसचा धोका तिथे पण राहतोच.

आता सिलिकॉन. लाल सिलिकॉन साधारण ३०० ते ३५० अंशांपर्यंत टिकतं, आणि पेट्रोल इंजिनवर लोड आला की मॅनिफोल्डजवळचा (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या पाइपाजवळचा) गॅस ७०० अंशांच्या वर जातो. म्हणजे ते जळणारच. जळालं की फ्लँजच्या (पाइपच्या तोंडावरच्या बोल्ट लावायच्या चकत्यांच्या) मधला तो थर नाहीसा होतो, नट होते तिथेच असतात पण त्यांचा ताण गेलेला असतो, आणि पहिल्या दिवशी नसलेलं लीक महिन्याने सुरू होतं. शिवाय "भरपूर" लावलेलं आतल्या बाजूला दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटून कन्व्हर्टरकडे जातात, आणि सिलिकॉनच्या वाफेने सेन्सरच्या टोकावर थर बसून तो निकामी होतो, म्हणूनच काही ट्यूबवर "सेन्सर सेफ" असं मुद्दाम छापलेलं असतं. पॅकिंग असलेल्या जॉइंटला काहीही लावायचं नसतं, कोरडं बसवायचं. एकात एक सरकणारे जे मागचे पाइप असतात तिथे एक्झॉस्ट पेस्ट म्हणून वेगळी मिळते, तापून दगडासारखी घट्ट होते, ती पातळ लावली तर चालते, पण हलणाऱ्या जॉइंटला तीही नको, तडकते.

जुनं पॅकिंग परत वापरायचा अनुभव माझ्याकडे आहे. एका गॅरेजमधे सायलेन्सर बदलून घेतला, मिस्त्रीने जुनंच डोनट पॅकिंग, म्हणजे जाड कडीसारखं गोल पॅकिंग बसवलं, "अजून चांगलंय" म्हणाला. तीन आठवडे सकाळी स्टार्ट केल्यावर टिकटिक यायची, मी टॅपेटचा (इंजिनातल्या व्हॉल्व्हचा) आवाज समजत राहिलो, शेवटी गाडी वर घेतली तर फ्लँजच्या कडेला काळ्या काजळीची रेघ, बोटाएवढी. पॅकिंग एकदा दाबलं गेलं की त्या दोन तोंडांचे उंचवटे-खड्डे त्याच्यात उमटतात, नवीन पाइपचं तोंड वेगळं असतं, ते जुन्या खुणांवर बसणार कसं? नवीन पॅकिंगची किंमत सायलेन्सरच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि नवीन घातलं तरी इंजिनाकडच्या फ्लँजवरचा जुना थर खरवडून काढा, त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) बघा वाकलाय का. फार जुन्या गाडीत पॅकिंग अॅस्बेस्टॉसचं असू शकतं, ते कोरडं घासू नका आणि कंप्रेसरची हवा तर मारूच नका, ओलं करून काढा.

सगळ्यात जास्त लीक मात्र मी "जोरात आवळा" या सल्ल्याने झालेली बघितलीयत. दोन बोल्टचा फ्लँज प्रमाणाबाहेर आवळला की दोन्ही टोकं जवळ येतात आणि मधला भाग उचलतो, म्हणजे जितकं आवळाल तितकी फट वाढते. गंजलेला स्टड (इंजिनात बसवलेला आट्यांचा दांडा) तुटून अॅल्युमिनियमच्या हेडमधे अडकला तर काम शनिवारचं राहत नाही, आठवड्याचं होतं. स्प्रिंगवाले बोल्ट असतात तिथे स्प्रिंग मुद्दाम दिलेली असते, इंजिन डुलतं तेव्हा तो जॉइंट थोडा वळावा म्हणून, ती काढून साधे बोल्ट ठोकले की ताण पुढे जातो आणि फ्लेक्स पाइप (मधला लवचिक पाइप) किंवा वेल्डिंग फाटतं. मॅन्युअलमधे टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते दिलेलं असतं, टॉर्क पाना नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा.

मुळात आवळण्याच्या आधीचं काम महत्त्वाचं आहे आणि मेसेजमधे त्याचा एक शब्द नाही. सगळे पाइप आधी हँगर रबरांवर (पाइप गाडीखाली लटकवणाऱ्या रबरांवर) टांगायचे, सगळे नट हाताने नुसते लावून ठेवायचे, मग पाइप फिरवून, मागेपुढे सरकवून बघायचं की दोन तोंडं पहार न लावता आपसूक समोरासमोर येतायत का, सायलेन्सर कुठे बॉडीला टेकत नाही ना, आणि मगच इंजिनाकडून मागे येत आवळायचं. ओढूनताणून बसवलेला पाइप थंड असताना लीक करणार नाही कदाचित, पण तापल्यावर? एक मीटर स्टेनलेस पाइप ४०० अंशांनी तापला की साडेसहा-सात मिलीमीटर लांब होतो, त्याला सरकायला जागा ठेवली नसेल तर तो जॉइंट उघडणारच. सरकणाऱ्या जॉइंटमधे पाइप निदान ४०-५० मिलीमीटर आत जाऊ दे, बाहेरच्या पाइपला ज्या चिरा असतात त्यांच्या पुढेपर्यंत, नाहीतर त्या चिरांमधूनच गॅस येतो. यू क्लॅम्प पाइपला चेपतो, रुंद पट्टीचा क्लॅम्प सगळीकडून सारखा धरतो, पैसे थोडे जास्त गेले तरी तोच घ्या.

आणि ते बारीक भोक बुजवू नका! कित्येक सायलेन्सरला तळाशी ते कंपनीच ठेवते, जळणातून तयार होणारं पाणी निथळावं म्हणून. ते बंद केलं की पाणी डब्यात साचतं आणि आमच्या हवेत आधीच सडणारा डबा आतूनही सडतो.

कार्बन बसून लीक बंद होतं या गैरसमजाचं मूळ मला समजतं. बारीक लीक थंड असताना टिकटिक करतं आणि धातू फुगला की गप्प होतं, नवीन डोनट पॅकिंग पण पहिल्या दोन-तीन वेळा तापून नीट बसतं. पण खरी फट असेल तर तिच्यातून गरम गॅस सतत जाऊन पॅकिंग खात राहतो, ती मोठीच होते. म्हणून पहिल्या एक-दोन मोठ्या फेऱ्या झाल्या की गाडी पूर्ण थंड करून नट एकदा तपासा.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद आणि थंड, व्हॅक्यूम क्लीनर हवा फेकणाऱ्या बाजूने टेलपाइपला लावा, भोवती फडकं गुंडाळा, आणि प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तिथे लीक. खाली शिरायचं असेल तर गाडी जॅक स्टँडवर (खाली लावायच्या लोखंडी टेकूंवर), नुसत्या जॅकवर कधीच नाही.

शनिवारवाल्या दोघांना एवढंच, पॅकिंग, क्लॅम्प आणि हँगर रबर शुक्रवारीच आणून ठेवा, गाडी खोलल्यावर दुकान बंद निघालं की जुनं पॅकिंग आणि सिलिकॉनची ट्यूब समोर दिसायला लागते.