‘ते’चा ‘तो’ होतो तेव्हा : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या छोट्या कादंबरीतली अवतरणं परीक्षेत कशी उलगडायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुमची मुलगी यंदा जीसीएसईला, म्हणजे इंग्लंडमधल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला आहे, परीक्षा मंडळ एक्यूए. दोन वर्षांपूर्वी तिनं ही गोष्ट आपणहून, एका बैठकीत वाचली होती आणि टायनी टिम या पांगळ्या पोराच्या रिकाम्या जागेपाशी तिला रडू आलं होतं. आता तीच मुलगी चाळीस वाक्यांची कार्डं घोकते. प्रत्येक कार्डाच्या मागे ‘उपमा’, ‘अनुप्रास’, ‘लोभ’, ‘गरिबी’ असे शब्द लिहिलेले असतात, आणि पुस्तकाचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. तुम्ही लिहिलंत, “तुम्ही लोक जिवंत पुस्तकाचं शवविच्छेदन करता. लेखकाच्या मनात एवढं काही नव्हतंच. पुस्तक जवळ नसताना परीक्षा द्यायची म्हणजे शेवटी ही पोपटपंचीच.”

पहिला आरोप मला लागला, कारण त्याला माझाच लेख कारणीभूत आहे. लेखाच्या शेवटी मी पंचवीस अवतरणांचा तक्ता दिला होता. एका रकान्यात वाक्य, दुसऱ्यात अलंकार, तिसऱ्यात विषय. मुलांचा वेळ वाचावा एवढाच हेतू होता. पण तुमच्या मुलीची कार्डं म्हणजे असाच एखादा तक्ता कापून केलेले तुकडे आहेत, हे वाचताना लक्षात आलं. तो तक्ता मी काल लेखातून काढून टाकला. वाक्य कोण म्हणतो, कुणाला म्हणतो, कधी म्हणतो, यातलं काहीच त्या तीन रकान्यांत नव्हतं, आणि तेच नसेल तर उलगडायला उरतं काय?

परीक्षासुद्धा हे मागत नाही, हे तुम्हाला आवर्जून सांगायचं आहे. या पुस्तकावरच्या प्रश्नाला 30 गुण असतात. त्यातले 12 पुस्तक समजून दिलेल्या स्वतःच्या प्रतिसादाला, 12 भाषा आणि रचनेच्या विश्लेषणाला आणि 6 काळाच्या संदर्भाला. विश्लेषणाच्या निकषात पारिभाषिक शब्द ‘जिथे योग्य असतील तिथे’ वापरावेत असं म्हटलेलं आहे. अलंकाराचं नाव लिहिलं की गुण मिळतो, ही समजूत मुलांमध्ये कुठून पसरते कोण जाणे, पण फार घट्ट बसलेली आहे. ‘इथे उपमा आहे, त्यामुळे वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं’ हे वाक्य मी आजवर इतक्या वह्यांमध्ये खोडलं आहे! ते कुठल्याही पुस्तकाबद्दल लिहिता येतं, म्हणून ते या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही.

आता ‘लेखकाच्या मनात एवढं नव्हतंच’ याबद्दल. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. डिकन्सनं हे पुस्तक 1843च्या शरद ऋतूत साधारण सहा आठवड्यांत लिहिलं, 19 डिसेंबरला ते बाहेर आलं. घाईत लिहिलं, मग एवढा विचार कुठून, असं वाटू शकतं. पण त्याचं हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे आणि त्याची पानं खाडाखोडीनं भरलेली आहेत. एक गोष्ट तर मला दर वेळी थक्क करते. शेवटी टायनी टिम ‘मेला नाही’, असं सांगणारे शब्द त्या हस्तलिखितात नाहीत. ते छपाईच्या टप्प्यावर घातले गेले, आणि छापताना त्यातला ‘नॉट’ मोठ्या अक्षरांत आला. पोराचं काय झालं हे वाचकाला स्पष्ट सांगायला हवं, हे लेखकाला उशिरा जाणवलं आणि त्यानं तीन-चार शब्दांनी काम केलं. जो माणूस छपाईच्या तोंडावर असे शब्द जोडतो, त्याच्या शब्दांकडे आपण थांबून पाहिलं तर त्यात त्याचा अपमान नाही.

तरी तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पटतो. काही अर्थ खरोखरच मुलांच्या तोंडी बसवलेले असतात. गोष्टीचा नायक, कंजूष व्यापारी स्क्रूज, ‘शिंपल्यासारखा एकटा’ आहे, असं पहिल्या भागात म्हटलं आहे. त्यावर जवळपास प्रत्येक मुलगा लिहितो, की शिंपल्यात मोती असतो, म्हणजे स्क्रूजच्या आतही चांगुलपणा दडलेला आहे. हे चूक नाही. पण मूळ वाक्यात मोत्याचं नावही नाही. तिथे आहे ते गुपचूप असणं, स्वतःतच मिटून असणं, एकटं असणं. मोती लिहायचाच असेल तर पुढे तो कुठे दिसतो हे दाखवायला हवं. नाहीतर मी आधी त्या मिटलेल्या कवचाबद्दलच लिहायला सांगते.

माझ्या लेखात जे नीट आलं नाही ते आता सांगते. एकाच वाक्यावर थांबू.

पहिल्या भागात दोन सद्गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला स्क्रूजच्या कचेरीत येतात. तो विचारतो, तुरुंग नाहीत का? वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करायला लावणारी घरं, बंद पडली का? ते म्हणतात, पुष्कळांना तिथे जाता येत नाही, आणि पुष्कळजण तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करतील. त्यावर स्क्रूजचं वाक्य येतं : “इफ दे वुड रादर डाय, दे हॅड बेटर डू इट, अँड डिक्रीज द सरप्लस पॉप्युलेशन.” त्यांना मरणंच पसंत असेल तर त्यांनी मरावं हे उत्तम, तेवढीच जास्तीची लोकसंख्या कमी होईल.

कार्डावर हे वाक्य इथे संपतं. मागे ‘निर्दयपणा’ लिहायचं आणि पुढचं कार्ड उचलायचं.

पण पुस्तकात ते संपत नाही. तिसऱ्या भागात, स्क्रूजला भेटणाऱ्या भुतांपैकी वर्तमानाचं भूत त्याला त्याच्या कारकुनाच्या, टिमचे वडील बॉब क्रॅचिट यांच्या घरी नेतं. टिमला पाहून स्क्रूज विचारतो, हा मुलगा जगेल का? भूत म्हणतं, मला शेकोटीच्या कोपऱ्यात एक रिकामी जागा दिसते आणि मालक नसलेली, जपून ठेवलेली एक कुबडी दिसते. स्क्रूज कळवळतो, तो वाचेल असं सांग म्हणून विनवतो. त्यावर भूत म्हणतं : “इफ ही बी लाइक टू डाय, ही हॅड बेटर डू इट, अँड डिक्रीज द सरप्लस पॉप्युलेशन.”

शिकवणीला येणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीपुढे मी ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून ठेवली आणि काहीच विचारलं नाही. ती बराच वेळ पेन्सिल फिरवत बसली. मग तिनं वरच्या ‘दे’भोवती गोल काढला, खालच्या ‘ही’भोवती गोल काढला आणि दोन्ही रेघेनं जोडले. म्हणाली, “आधी गर्दी होती. आता एकच मुलगा आहे.” थोड्या वेळानं स्वतःच पुढे म्हणाली, “आणि आधी ते मरण निवडताहेत असं होतं. टिमनं काही निवडलेलं नाही.”

मी त्यात एका शब्दाची भर घातली नाही. ‘दे’चा ‘ही’ झाला, ‘ते’चा ‘तो’ झाला. ‘वुड रादर’मध्ये जणू गरिबांची स्वतःची पसंती होती, ती जाऊन तिथे ‘लाइक टू’ आलं, म्हणजे नुसतं होऊ घातलेलं मरण. बाकीचं वाक्य तसंच्या तसं आहे. न बदललेल्या त्या भागामुळेच बदललेला भाग टोचतो. अलंकाराचं एकही नाव न घेता त्या मुलीनं जे सांगितलं, त्याला परीक्षक मनापासून गुण देतील.

याच्या पुढचं वाक्य तुमच्या मुलीला जरूर दाखवा. भुताच्या तोंडून ते ऐकल्यावर स्क्रूजनं मान खाली घातली, असं सांगताना डिकन्स म्हणतो, ‘हिज ओन वर्ड्स कोटेड बाय द स्पिरिट’. भुतानं त्याचेच शब्द उद्धृत केले. ‘कोटेड’ हा शब्द लेखकाचाच आहे. एका माणसाला त्याचंच अवतरण परत ऐकवलं जातं आणि त्या ऐकण्यानं तो खचतो, असं या गोष्टीतच घडतं. वाक्य संदर्भातून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं की त्याचा अर्थ कसा पालटतो, हे डिकन्सनंच पुस्तकात करून दाखवलं आहे. म्हणून मला ‘शवविच्छेदन’ हा शब्द इथे लागू पडतो असं वाटत नाही. भूत जे करतं तेच आपण वहीत करतो.

आणि हे एकदाच घडत नाही. वर्गणी मागणाऱ्यांना स्क्रूज म्हणतो, इतरांचं दुःख हा माझा ‘बिझनेस’ नाही. त्याच रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लीचं भूत ओरडतं, “मॅनकाइंड वॉज माय बिझनेस!” तिसऱ्या भागाच्या शेवटी ‘अज्ञान’ आणि ‘दैन्य’ ही दोन पोरं वर्तमानाच्या भुताच्या झग्याखालून बाहेर येतात, स्क्रूज विचारतो, यांना काही आसरा नाही का, आणि भूत त्याचाच जुना प्रश्न त्याच्या अंगावर फेकतं : तुरुंग नाहीत का? वर्कहाउस नाहीत का? पुस्तकाच्या भागांना डिकन्सनं ‘स्टेव्ह’ म्हटलं आहे, म्हणजे गाण्याचं कडवं. अशी पाच कडवी. गाण्यात पालुपद फिरून येतं तसे इथे स्क्रूजचे शब्द फिरून येतात, आणि दर खेपेला त्याला ते जास्त जड होतात.

काळाच्या संदर्भाचे ते 6 गुणही याच वाक्यात आहेत. मुलं शेवटी एक वेगळा परिच्छेद चिकटवतात : व्हिक्टोरियन काळात गरिबी होती, 1834 साली गरिबांविषयीचा नवा कायदा आला, डिकन्सचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले. सगळं खरं, पण उत्तराला ते कुठे जोडलेलंच नसतं. ‘सरप्लस’वर बोट ठेवा, म्हणजे तो संदर्भ आपोआप आत येतो. हा गोदामातला, हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. माल उरतो, माणसं उरत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ माल्थसनं 1798 साली लोकसंख्या अन्नापेक्षा वेगानं वाढते असं मांडलं आणि तो विचार सुशिक्षितांच्या बोलण्यात रुळला. 1834च्या कायद्यामागे हीच धारणा होती की मदत सहज मिळाली तर गरीब वाढतील, म्हणून वर्कहाउसमध्ये नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळी ठेवली जात. तेव्हा ‘पुष्कळजण मरण पत्करतील’ हे सद्गृहस्थांचं बोलणं अतिशयोक्ती नव्हतं. स्क्रूज स्वतःचा असा विचार मांडतच नाही, तो काळाची तयार भाषा बोलतो. म्हणून भूत त्याला बजावतं, ही जास्तीची माणसं म्हणजे काय आणि ती कुठे आहेत, हे कळेपर्यंत हे बोलणं बंद कर. मूळ छपाईत ‘व्हॉट’ आणि ‘व्हेअर’ यांची पहिली अक्षरं मोठी आहेत. ‘कुठे’चं उत्तर स्क्रूजच्या डोळ्यांसमोर आहे, त्याच्याच कारकुनाच्या शेकोटीपाशी, कुबडीसकट.

वयाच्या बाराव्या वर्षी, वडील तुरुंगात असताना, डिकन्स स्वतः बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत होता. हे परीक्षेत लिहायलाच हवं असं नाही. पण ‘ते’चा ‘तो’ करणारा माणूस कोण होता हे माहीत असलं की ते वाक्य मी वेगळ्या नजरेनं वाचते.

पाठांतराबद्दल थोडंसं. ज्या उताऱ्यावर प्रश्न असतो तो प्रश्नपत्रिकेतच छापलेला असतो, त्यातलं काही पाठ लागत नाही. बाकीच्या पुस्तकासाठी निकषात ‘संदर्भ, अवतरणांसह’ असे शब्द आहेत, म्हणजे प्रसंगाचा नेमका उल्लेखही चालतो. चाळीस कार्डांऐवजी जोड्या करायला सांगा : बिझनेसची जोडी, तुरुंगाची जोडी, सरप्लसची जोडी, रिकामी जागा आणि ‘मेला नाही’. सात-आठ जोड्या पुरतात, आणि प्रत्येकीतले तीन-चार शब्दच पाठ असले तरी भागतं. जोडी लक्षात ठेवताना मधली गोष्ट आठवावीच लागते, त्यामुळे ती घोकावी लागत नाही. तुमची मुलगी दोन वर्षांपूर्वी ज्या रिकाम्या जागेपाशी रडली, तिथूनच तिला सुरुवात करू द्या. ती जागा तिच्या लक्षात आहे, हे तुम्हीच लिहिलं आहे.

कार्डं बाजूला ठेवून तिला एक प्रश्न विचारून पाहा. पाचव्या भागात स्क्रूजला तोच वर्गणी मागणारा गृहस्थ रस्त्यात भेटतो. स्क्रूज त्याच्या कानात देणगीची रक्कम सांगतो, आणि तो गृहस्थ श्वास अडकल्यासारखा ओरडतो. रक्कम किती, हे डिकन्स आपल्याला सांगतच नाही. पुस्तकभर पैसे मोजत बसलेल्या माणसाच्या गोष्टीत नेमका हाच आकडा का दिला नसेल? ती काय म्हणते ते मला कळवा, मी वाट पाहते.