एबीएस आमच्या पायात होतं

काल दुपारी सातपूरच्या एका गॅरेजमधल्या विशी-बाविशीतल्या पोरानं माझ्याकडून ८०० रुपये घेतले आणि सांगितलं, "काका, गाडी विकून टाका." चार शब्द. शब्दाला २०० रुपये पडले, आणि त्यातला 'काका' तर मी फुकटातही घेतला नसता.

गाडी २०१२ ची. तेव्हा आमच्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम, फक्त टॉप मॉडेलला यायचं, आणि त्यासाठी मी सासऱ्यांपुढे 'सेफ्टीत तडजोड नाही' असं भाषण ठोकून जास्तीचे पैसे मोजले होते. पुढे एप्रिल २०१९ पासून सरकारनं ते सगळ्याच नव्या कारना सक्तीचं केलं. आता समोरच्या बिल्डिंगमधल्या पोराच्या सगळ्यात स्वस्त गाडीत एबीएस आहे आणि माझ्या टॉप मॉडेलमध्ये पिवळा दिवा आहे.

सुरुवात दिव्यानं झालीच नाही. आधी महिनाभर सिग्नलला हळूहळू थांबताना, म्हणजे वेग अगदी दहाच्या आत आला की ब्रेकचं पेडल पायाखाली घर्रर्र करून लाथ मारायचं, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर. दिवा वगैरे काही नाही. मग एक दिवस दिवा लागला आणि लाथ बंद झाली. मी खूश, म्हटलं आपोआप बरं झालं. बरं कसलं, दिवा लागला म्हणजे सिस्टिमनं हात वर केले, एबीएस बंद, साधे ब्रेक तेवढे चालू.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बिघाडाचे कोड वाचणारं, मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं स्कॅनर लावलं आणि 'कोडच नाही साहेब, गाडी ओके' म्हणाला. दिवा त्याच्या तोंडासमोर जळत होता. ते स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचायचं, एबीएसपर्यंत पोचायचंच नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे पोट दुखतंय म्हणून गेलो आणि त्यानं डोळे तपासून पाठवलं. दुसऱ्याकडे बरं मशीन होतं, त्यात कोड आला सी ००३५, पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर. "सेन्सर बदलून बघू." ३,८०० रुपये. तिसऱ्या दिवशी दिवा परत. "ब्रेक ऑइल बदलून बघू." बदललं. दिवा तसाच. हे 'बघू' फार भारी क्रियापद आहे, बघणार ते आणि पैसे भरणार आपण.

तर कालचं हे तिसरं गॅरेज. पोरगं दुसऱ्या गाडीखाली होतं, मला म्हणालं बसा, आणि एका खुर्चीवर आप्पा होते.

आप्पा गिऱ्हाईक नव्हते, मालक नव्हते, कोणाचे कोणी नव्हते. रोज १० ते १ इथं येऊन बसतात, कारण घरी त्या वेळात फरशी पुसायची असते आणि 'पाय उचला' हे त्यांना सहन होत नाही. हातात शेंगदाण्यांची पुडी. तीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर, लासलगावचा कांदा भरून वाशी मार्केट.

"काय होतंय गाडीला?"

"एबीएसचा दिवा लागतोय."

"ब्रेक लागतोय का?"

"लागतोय."

"मग त्रास ब्रेकचा आहे का दिव्याचा?"

"तसं बघितलं तर... दिव्याचा."

"मग काळी चिकटपट्टी लावा."

"आप्पा, त्यानं ब्रेक दुरुस्त होईल का?"

"डोळ्याला बरं वाटेल."

मी हसलो, ती चूक झाली. आप्पा खुर्ची सरकवून जवळ आले. "आमच्या ट्रकमध्ये कधी एक दिवा लागला नाही. तीस वर्षात. बल्बच नव्हते ना. कसारा घाट, दहा टन कांदा, वरून पाऊस. काय होतं आमच्याकडे? हे होतं," असं म्हणून त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि अनवाण्या पायानं गॅरेजची ऑइलची फरशी दाबायला लागले. "दाब-सोड. दाब-सोड. एबीएस आमच्या पायात होतं."

मी म्हटलं, अहो तेच तर मशीन करतं, चाक लॉक होतंय असं वाटलं की दाब सोडतं, परत धरतं, एका सेकंदात कितीतरी वेळा.

"सेकंदात?" आप्पांनी शेंगदाणा तोंडाजवळच थांबवला. "एवढी घाई कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. वर माझ्याकडून मोबाइलवर 'दाब-सोड'ची प्रॅक्टिस करून घेतली, म्हणजे मोबाइल फरशीवर ठेवून हळूच पाय ठेवायचा, स्क्रीन फुटली तर नापास. मी नापास झालो नाही पण दोन पोरांनी व्हिडिओ काढला.

शेवटी ते पोरगं आलं. त्यानं आधी काहीच बदललं नाही, हे मला मान्य करावं लागेल. मशीन लावलं, टॅबलेट माझ्या हातात दिला आणि गाडी मागच्या गल्लीत फिरवली. चार चाकांच्या वेगाचे चार आकडे. तीन चाकं १८, १८, १८ आणि पुढचं डावं १८, शून्य, १८, शून्य. मग जॅक लावून चाक काढलं, मोबाइलचा टॉर्च मारला आणि दाखवलं. एक्सलवर एक दातेरी रिंग असते, सेन्सर तिचे दात मोजतो. रिंगखाली गंज फुगला होता आणि रिंग तडकली होती. चाक फिरलं की दर फेऱ्याला ती भेग सेन्सरसमोरून जायची आणि बिचाऱ्या कंप्युटरला वाटायचं चाक थांबलं. सुरुवातीची ती पायाखालची लाथही त्याचीच. सेन्सर नवा असू दे नाहीतर सोन्याचा.

आता माझा राग आधीच्या दोघांवर आहे. कोड सांगतो कुठल्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल बिघडलाय, कुठला पार्ट गेलाय ते नाही. वायर, रिंग, बेअरिंग, काहीही असू शकतं. चाक काढून टॉर्च मारायला किती वेळ लागला? दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांच्या आळसाचे मी हजारो मोजले, आणि मधल्या काळात एका रात्री त्र्यंबक रोडला पावसात समोरच्यानं अचानक ब्रेक मारला तेव्हा माझी चाकं लॉक झाली, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच घसरत गेली. शेजारी बायको होती. हातभर अंतरावर थांबलो. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, जी तिची पद्धत नाही. त्यात २०२७ च्या कुंभमेळ्याच्या नावानं अर्ध नाशिक खणून ठेवलंय, कुठं डांबर, कुठं खडी, कुठं नुसता चिखल. एबीएस लागतं ते इथंच.

तर रिंग सुटी मिळत नाही, अख्खा एक्सल शाफ्ट घ्यावा लागेल, असं पोरगं म्हणालं, आकडा सांगितला, माझा चेहरा बघितला आणि मग ते चार शब्द आले. मी ८०० रुपये दिले. जुन्या बाजारात शाफ्ट बघतो म्हणालो.

एक वाजला होता. आप्पा उठले, "मुंबई नाक्याला सोडता का?" बसा म्हटलं. बसल्या बसल्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. एबीबी सर्कल येईपर्यंत त्यांनी त्यांच्या बाजूला, जिथं पेडलच नाही तिथं, पंधरा-वीस वेळा तरी ब्रेक मारला. दाब-सोड नाही. नुसता दाब. एक रिक्षा आडवी आली तेव्हा तर त्यांनी डोळे मिटले आणि शेंगदाण्यांची पुडी माझ्या मांडीवर सांडली.

मायको सर्कलला म्हणाले, "इथंच थांबवा. पुढं चालत जातो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."