टेन्शनचा रस्ताही मूत्रपिंडातूनच जातो

‘बीपी टेन्शनने वाढतं, मिठाने नाही. जास्तीचं मीठ लघवीतून निघून जातं. मन शांत ठेवा, मीठ बिनधास्त खा, गोळ्याही सुटतील.’ हा मेसेज मला तिघांनी पाठवला. त्यातला एकजण स्वतः बीपीचा पेशंट आहे, म्हणून लिहायला बसलो.

‘जास्तीचं मीठ निघून जातं.’ जातं, पण कसं? मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात दीड किलोच्या आसपास मीठ असतं आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात ओढून घेतलं जातं. म्हणजे ही यंत्रणा मीठ राखायलाच बसलेली. ज्यांची मूत्रपिंडं मीठ सहजी सोडत नाहीत, त्यांच्यात ते बाहेर पडतं तेव्हा वाढलेल्या दाबाच्या जोरावर पडतं.

‘खरं कारण टेन्शनच.’ ताणाने बीपी चढतं, हे मान्यच. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात. पण ताणाचा निरोप नेणाऱ्या नसा मूत्रपिंडापर्यंतही जातात. तिथे रेनिन नावाचं रसायन सुटतं, त्याच्या साखळीतून पुढे अल्डोस्टेरॉन हे हार्मोन, आणि अल्डोस्टेरॉनचा हुकूम एकच: मीठ धरून ठेवा! ताणात वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या हार्मोनचंही तेच. मूत्रपिंडातलं एक एन्झाइम एरवी त्याला निष्प्रभ करतं. कुशिंग्ज या हार्मोनच्या आजारात कॉर्टिसॉल इतकं वाढतं की एन्झाइम पुरं पडत नाही, आणि कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनची जागा घेऊन बसतं. ‘मीठ की टेन्शन’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

शिवाय २००१ साली प्रसिद्ध झालेला ‘डॅश-सोडियम’ प्रयोग आहे. ४१२ माणसं, आहार तोच, मिठाचं प्रमाण मात्र दर ३० दिवसांनी वेगळं. मीठ कमी झालं तसं बीपी उतरलं. ज्यांना बीपीचा त्रास नव्हता त्यांचंही.

‘बिनधास्त खा.’ जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. पाकिटातल्या पदार्थांतलं मीठही त्यातच धरायचं.

‘गोळ्याही सुटतील’ या वाक्याचा मला खरंच राग आला. बीपीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळून पूर्वीपेक्षा वर जातो. मन शांत झालं, मीठ कमी केलं, रीडिंग उतरलं तर त्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस तेच कमी करतील. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम असलेलं ‘लो सोडियम’ मीठ त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.