मूळ कारण: ऑपरेटर

अभिनंदन! चाकणच्या कारखान्यात तुम्ही मॅनेजर झालात, केबिन मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात ग्राहकाचा मेल येऊन धडकला: पार्टला बर्र (कापताना कडेला राहिलेली धारदार किनार) आहे, असेंब्लीत बसत नाही, आमची लाइन थांबली, चोवीस तासांत उत्तर द्या. घाबरू नका. समस्या सोडवायचं कौशल्य समस्येला हात न लावताही उत्तम दाखवता येतं.

आधी मीटिंग लावा. प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, परचेस, स्टोअर, सगळ्यांना बोलवा. त्या मशिनवर आठ तास उभा राहणाऱ्याला तेवढं वगळा. तो आला तर काय झालंय ते सांगून टाकेल आणि मीटिंग दहा मिनिटांत आटपेल. मग चहा कुणी प्यायचा?

फळ्यावर माशाचा सांगाडा काढा. काओरू इशिकावा या जपानी प्राध्यापकांनी ही आकृती रूढ केली ती एकही कारण नजरेतून सुटू नये म्हणून. आपणही मॅन, मशिन, मेथड, मटेरिअल, मेजरमेंट, एन्व्हायर्नमेंट असे सहाही काटे काढायचे. एन्व्हायर्नमेंटपुढे ‘पावसाळा’ लिहा, भारदस्त दिसतं. मग पाच काटे अलगद बाजूला सारून ‘मॅन’वर ताव मारा.

आता खरी परीक्षा: पाच वेळा ‘का?’ विचारायचं. टोयोटाच्या तैइची ओनोंचं याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशिन बंद पडलं. का? ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण पुरेना. का? पंप तेल नीट ओढेना. का? पंपाचा शाफ्ट झिजला. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून घरी जायचं सोडून गाळणी बसवत बसायचं!

ही पद्धत किती घातक आहे ते तुमच्या बर्रवर लावून बघा. बर्र का आला? इन्सर्टची, म्हणजे कापायच्या हत्याराला लावलेल्या बदलत्या पात्याची, धार गेली होती. मग बदलला का नाही? स्टोअरला नवा नव्हता. का नव्हता? परचेसने इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, महिनाभर दाबून ठेवलं. का? टूलिंगचा, म्हणजे हत्यारांचा, खर्च कमी करा असं सर्क्युलर निघालं होतं. सर्क्युलरवर सही कुणाची? बघितलंत? चौथ्या ‘का’लाच प्रकरण जिना चढून वर आलं. म्हणून शहाणा मॅनेजर दुसऱ्यावरच थांबतो. इन्सर्ट का बदलला नाही? ऑपरेटरचा निष्काळजीपणा. इथे पेन खाली ठेवा. फॉर्ममध्ये उरलेल्या रकान्यांत हेच वाक्य शब्द फिरवून लिहा.

मग ८-डी रिपोर्ट. फोर्डने १९८७ मध्ये ही आठ टप्प्यांची पद्धत आणली, आज वाहन उद्योगात तिच्यावाचून पान हलत नाही. तिसरा टप्पा तात्पुरत्या उपायाचा. त्यासाठी चार काँट्रॅक्टची पोरं ग्राहकाच्या गोदामात बसवा. नग उचलायचा, कडेवर दोनदा कानस फिरवायची, अंगठ्याने धार चाचपायची, हिरव्या मार्करचा ठिपका द्यायचा, क्रेटमध्ये टाकायचा. की पुढचा नग. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळायची अक्कल पोरांना आपोआप येते, त्याचं प्रशिक्षण लागत नाही. हा तात्पुरता उपाय दोन-दोन वर्षं सुखाने नांदतो. चार पोरांच्या पगारात इन्सर्टच्या पेट्याच्या पेट्या आल्या असत्या, असं कुणी म्हणेल. त्याला हसून सांगा की मजुरीचा हेड वेगळा, टूलिंगचा वेगळा. टूलिंगचा खर्च खाली आलाय आणि वार्षिक आढाव्यात त्याचं श्रेय तुम्हालाच मिळणार आहे.

कायमस्वरूपी उपायाच्या रकान्यात लिहा: ‘ऑपरेटरला समज दिली व प्रशिक्षण दिले.’ सोबत हजेरीपत्रक जोडा. नाइट शिफ्टवाल्यांची सही सकाळी पंचिंगच्या रांगेतच उरकून घ्या, झोपेत माणूस प्रश्न विचारत नाही. एक सचित्र सूचनापत्र लॅमिनेट करून मशिनवर टांगा. आठवडाभरात कूलंट उडून ते वाचता येणार नाही, पण ऑडिटरला टांगलेलं दिसलं की पुरतं. शिगेओ शिंगो नावाचे गृहस्थ सांगायचे की माणसाला बोल लावू नका, चूक करताच येणार नाही अशी रचना करा. त्यांच्या नादी लागू नका. त्याला नग पक्का धरणारं फिक्स्चर लागतं, सेन्सर लागतो, त्यांना पैसे पडतात. समज फुकट देता येते.

आठवा टप्पा टीमच्या कौतुकाचा. हा मात्र मनापासून करा. पेढे मागवा, फोटो काढा, तुम्ही मधोमध. ऑपरेटर फोटोत नसतो. त्याला समज दिलेली असते.

आणि फाइल जपून ठेवा. तीन महिन्यांनी हीच तक्रार येईल तेव्हा फक्त तारीख आणि पार्ट नंबर बदलायचा. एका ठिकाणी गडबडीत पार्ट नंबर बदलायचा राहिला, बुशच्या तक्रारीला फ्लँजचा रिपोर्ट गेला. ग्राहकाने तो त्याच दिवशी मंजूर केला.